व्हॉयनिच हस्तलिखितातली वर्तुळं: आधी मोजा, मग ओळखा

व्हॉयनिच हस्तलिखितातली लिपी कुणाला वाचता येत नाही, पण चित्रं सगळ्यांना दिसतात. घोटाळा इथेच सुरू होतो. वनस्पतींच्या पानांवर निदान मूळ, खोड, फूल असं काहीतरी धरायला मिळतं. खगोलाच्या आणि विश्वरचनेच्या पानांवर मात्र नुसती वर्तुळं, किरण, तारे आणि गोल फिरणारी अक्षरं आहेत. त्यात कुणाला देवयानी दीर्घिका दिसली आहे, कुणाला इटलीतली शहरं, कुणाला चक्क जगाचा नकाशा. या आकृत्या कशा वाचायला बसावं, काय मोजावं आणि कुठे पाय घसरतो, एवढंच इथे लिहितो.

वस्तूची ओळख थोडक्यात. येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात एमएस ४०८ या क्रमांकाने ते ठेवलेलं आहे. १९१२ मध्ये जुन्या पुस्तकांचे व्यापारी विल्फ्रिड व्हॉयनिच यांनी ते इटलीत जेझुइट पाद्र्यांकडून विकत घेतलं आणि १९६९ मध्ये ते येलकडे आलं. पान साधारण २३.५ × १६.२ सेंटिमीटर, म्हणजे हातात मावणारं. पानं कातड्याची, म्हणजे चर्मपत्राची आहेत. २००९ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्या कातड्याची कार्बन चाचणी झाली. तिच्यानुसार ते कातडं ९५ टक्के खात्रीने १४०४ ते १४३८ या काळातलं आहे. लक्षात घ्या, ही तारीख कातड्याची आहे, शाईची नाही. तरी चर्मपत्र महाग पडायचं आणि ते पिढ्यान् पिढ्या कोरं पडून राहणं विरळा. म्हणून १५ व्या शतकाचा पूर्वार्ध धरून चालायला हरकत नाही, आणि तुलनेसाठी चित्रं शोधायची ती साधारण १३५० ते १४५० मधली. सतराव्या शतकातलं एखादं हुबेहूब चित्र सापडलं म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

पत्रांना, म्हणजे दोन बाजूंच्या एकेका पानाला, क्रमांक आहेत. समोरच्या बाजूला आर आणि मागच्या बाजूला व्ही म्हणायची पद्धत आहे. घडीची पानं असतील तर पुढे भागाचा आकडा येतो. ‘६८व्ही३’ म्हणजे पत्र ६८, मागची बाजू, तिसरा भाग. हे आकडे मूळ लेखकाचे नाहीत, नंतर कुणीतरी घातलेत. काही पत्रं मधून गेलेली आहेत, आणि आजची बांधणी मूळ क्रमाचीच आहे असं समजून चालता येत नाही. त्यामुळे ‘हे पान त्या पानानंतर येतं, म्हणून अर्थ असा’ हा युक्तिवाद इथे फार तोलून वापरावा लागतो.

काम सुरू करताना ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवलेले मोठे स्कॅन घ्या. समाजमाध्यमांवर फिरणारी, रंग भडक केलेली चित्रं नकोत. रंगाकडे तर पहिल्या फेरीत बघूच नका. शाईच्या रेषा आणि वरचा रंग एकाच हाताचे असतील असं नाही. निळा आणि हिरवा रंग बऱ्याच ठिकाणी रेषेबाहेर सांडलाय, जाड थापलाय. ‘हा भाग निळा, म्हणजे समुद्र’ असं म्हणताना हे विसरलं जातं. चित्र करड्या छटांत बदलून घ्या, मग रेषा नीट दिसतात.

नंतर मोजणी. एकच आकडा काढून थांबू नका. वर्तुळ विभागणाऱ्या रेषा किती, त्यांच्यामुळे पडलेले कप्पे किती आणि कप्प्यांतली लेबलं किती, हे तीन आकडे वेगवेगळे लिहा. ते जुळत नाहीत तेव्हाच खरी माहिती मिळते: एखादा कप्पा रिकामा सोडलाय, एखादी रेषा नंतर ओढलीय, किंवा चितारणाऱ्याला जागा पुरली नाही. या आकृत्यांपैकी बऱ्याच हाताने अंदाजे विभागलेल्या दिसतात. सुरुवातीचे कप्पे ऐसपैस आणि शेवटचे दाटीवाटीने, असं दिसलं की काम कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे कळतं. कपड्याच्या घडीत गेलेली नक्षी जशी दिसत नाही तसं कातड्याच्या सुरकुतीतही एखादा किरण लपतो. तेव्हा शंका असेल तिथे ‘१६ किंवा १७’ असंच लिहा. सोयीचा आकडा निवडून पुढे गेलात की बाकीचं सगळं वाचन त्याच्यावर उभं राहतं.

आकडे का मोजायचे? मध्ययुगीन युरोपात विश्वाची आकृती ही बहुतांशी आकड्यांची आकृती होती. ४ म्हणजे तत्त्वं, ऋतू, दिशा, शरीरातले द्रव, माणसाची वयं. (आपण पाच महाभूतं म्हणतो. अरिस्टॉटलच्या परंपरेत चंद्राखालच्या जगात चारच, आणि पाचवं तत्त्व चंद्राच्या वरचं.) ७ म्हणजे ग्रह: चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी, पृथ्वीपासून याच क्रमाने. १२ म्हणजे राशी, महिने, आणि ग्रीक-रोमन परंपरेतले वारेही. ८ म्हणजे खलाशांचे मुख्य वारे. २८ म्हणजे अरबी ज्योतिषातून आलेली चंद्राची घरं. आपल्या २७ नक्षत्रांशी त्यांची गल्लत करू नका. ३० म्हणजे राशीचे अंश, ३६ म्हणजे द्रेष्काण, राशीचे दहा-दहा अंशांचे तुकडे. १९ म्हणजे चंद्र-सूर्याचं पंचांग जुळवणारं वर्षचक्र. इसिडोर ऑफ सेव्हिल या सातव्या शतकातल्या बिशपच्या निसर्गविषयक ग्रंथात अशी इतकी चाकं होती की त्या ग्रंथाला ‘चाकांचं पुस्तक’ असंही नाव पडलं. त्या चाकांच्या प्रती शतकानुशतकं निघत राहिल्या. म्हणून तुलना करायला आधी आकाशाचे फोटो उघडू नयेत, ही चाकं उघडावीत.

मोजणी कशी फसवते याचंही उदाहरण याच पोथीत आहे. ५७व्ही या पानावर एकात एक वर्तुळं आहेत आणि मध्यभागी चार माणसं. एका कड्यात १७ चिन्हांची मालिका चार वेळा येते. चार वेळा आणि चार माणसं, हे एकमेकांना पुष्टी देतं, म्हणजे आकृती चार भागांची आहे हे पक्कं धरता येतं. पण १७ हा आकडा वर दिलेल्या कुठल्याच नेहमीच्या गटात बसत नाही. इथे थांबावं. १७ मध्ये ७ ग्रह आणि १० आणखी काहीतरी, अशी बेरीज करायला लागलात की कुठलाही आकडा कशातही बसवता येतो. ती मालिका वर्णमाला असेल, किल्ली असेल किंवा नुसती भरणी. आकृतीच्या अर्थाबद्दल ती फक्त ‘चार’ एवढंच सांगते.

गोल फिरणारा मजकूर वाचायची रीतही ठरवून घ्यावी लागते. अक्षरांचे माथे बाहेरच्या बाजूला आणि वाचन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हे बहुतेक कड्यांत दिसतं. सुरुवात कुठे ते मात्र शोधावं लागतं. कधी दोन शब्दांत नेहमीपेक्षा मोठी फट असते, कधी छोटी खूण असते, आणि बऱ्याचदा ती जागा वरच्या-डाव्या भागात येते. सुरुवात नक्की नसेल तर कड्यातल्या ‘पहिल्या शब्दा’वर कुठलाही सिद्धान्त बांधू नये.

लेबलांची गोष्ट आणखी नाजूक. ताऱ्यांशेजारचे आणि राशीचक्राच्या पानांवर काढलेल्या बायकांशेजारचे शब्द मोठ्या प्रमाणात एकाच प्रकारे सुरू होतात. प्रचलित लिप्यंतरणात ज्याला ‘ओ’ म्हणतात ते चिन्ह, आणि त्याच्यामागे उंच दांड्याचं अक्षर. खरी ताऱ्यांची नावं इतकी एकसारखी सुरू होतील का? अरबी ‘अल्’ सारखं काहीतरी आहे असं म्हणावं, तर तेच सुरुवातीचं रूप इतरत्रही ढिगाने येतं. म्हणून एखादं लेबल चित्रावरून ‘ओळखणं’ आणि त्यावरून अक्षरांचे उच्चार ठरवणं हा उलटा प्रवास आहे. ६८आर३ वर मध्यभागी चंद्राचा चेहरा आहे आणि एका बाजूला सात ताऱ्यांचा झुबका. कृत्तिका म्हणायला तो अगदी योग्य आहे, मलाही ते पटतं. पण २०१४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ स्टीफन बॅक्स यांनी त्याजवळचा शब्द ‘टॉरस’ म्हणजे वृषभ असा वाचला, तिथे अडचण होते. चित्र बरोबर ओळखलं म्हणून शब्द बरोबर वाचला असं होत नाही. त्याच उच्चारांनी दहा इतर लेबलं वाचून अर्थ लागला पाहिजे, आणि तो लागत नाही.

राशींची पानं त्या मानाने सोपी, म्हणून लवकर उरकतो. मीनेपासून सुरुवात. मेष आणि वृषभ प्रत्येकी दोन चाकांत बायकांच्या १५-१५ आकृत्यांनी, पुढच्या राशी बहुतेक ३० आकृत्यांच्या. मकर आणि कुंभ असायला हवेत तिथलं पत्रच गेलंय. मधल्या चित्राजवळ महिन्यांची नावं लॅटिन लिपीत, रोमान्स कुळातल्या बोलीत, नंतर कुणीतरी लिहिलीयत. धनू राशीत घोडा-माणूस नाही, आडवं यांत्रिक धनुष्य घेतलेला माणूस आहे, आणि या पोथीचे सगेसोयरे शोधायला तो तपशील फार उपयोगी पडतो.

आता नकाशे. मध्ययुगीन जगाचा सगळ्यात छोटा नकाशा म्हणजे टी-ओ. एक वर्तुळ, त्यात एक पूर्ण व्यास, आणि त्या व्यासाच्या मध्यापासून खाली एक त्रिज्या. झालं. पूर्व वर. वरचा अर्धा भाग आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. आडव्या रेषेची एक बाजू डॉन नदी, दुसरी नाईल, आणि उभी रेषा भूमध्य समुद्र. बाहेरचा ‘ओ’ म्हणजे सगळ्याला वेढणारा महासागर. कधी खंडांऐवजी नोहाच्या तीन मुलांची नावं येतात: सेम, याफेथ, हाम. १४७२ मध्ये आउग्सबुर्गला इसिडोरचा ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यातही हाच नकाशा होता. यावरून त्या लोकांना पृथ्वी चपटी वाटत होती असं समजू नका. १३ व्या शतकातलं साक्रोबोस्कोचं विद्यापीठीय पाठ्यपुस्तक पृथ्वी गोल असल्याचे पुरावे देतं. टी-ओ म्हणजे वस्तीच्या जगाचं बोधचिन्ह. वर्तुळावर आडवे पाच पट्टे दिसले तर तो वेगळा प्रकार, रोमन लेखक मॅक्रोबियसचा हवामानपट्ट्यांचा नकाशा. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

व्हॉयनिचमध्ये टी-ओ दोन ठिकाणी स्पष्ट आहे: ६८व्ही३ च्या मध्यभागी, आणि नऊ वर्तुळांच्या मोठ्या घडीपानाच्या एका कोपऱ्यात. ६८व्ही३ तीच आकृती जिच्यात अमेरिकी प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी १९२१ मध्ये देवयानी दीर्घिका पाहिली, कारण मध्यातून वळणदार हात निघतात. त्यांचं म्हणणं असं की तेराव्या शतकातल्या इंग्लिश विद्वान रॉजर बेकनने दुर्बिणीतून ती पाहिली. दोन गोष्टी आड येतात. देवयानीचे हात दुर्बिणीला डोळा लावून दिसत नाहीत, ते १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांच्या फोटोत उघड झाले. आणि आकृतीच्या केंद्रात टी-ओ आहे, म्हणजे पृथ्वी! जिच्या पोटात आपली पृथ्वी आहे ती दूरची दीर्घिका कशी असेल? न्यूबोल्ड यांनी अक्षरांत भिंगाखाली दिसणारी सूक्ष्म लघुलिपीही वाचली होती. अभ्यासक जॉन मॅन्ली यांनी १९३१ मध्ये दाखवलं की ती खडबडीत कातड्यावर सुकून तडकलेली शाई होती. भिंग जितकं मोठं तितकी ही चूक सोपी, आणि आजच्या स्कॅनवर झूम करतानाही ती होते.

६८व्ही३ चे खरे नातेवाईक १४०० च्या आसपासच्या फ्रेंच हस्तलिखितांत शोधावेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चौदाव्या शतकातला फ्रेंच विद्वान निकोल ओरेमच्या ग्रंथांची एक प्रत आहे, फ्रेंच ५६५. तिच्यातल्या एका चित्रात मध्यभागी पृथ्वी, भोवती लाटदार ढगांची किनार आणि बाहेर ताऱ्यांचं आकाश आहे. ती लाटदार किनार पाहायला शिका. त्या काळच्या चित्रांत ती ‘इथे पार्थिव जग संपतं, पुढे स्वर्ग’ असं सांगते. ती पाणी नाही, तटबंदी नाही, किनारपट्टी तर नाहीच. व्हॉयनिचमध्ये अशा लाटा जागोजागी आहेत आणि नकाशा शोधणारा प्रत्येक जण त्यांना समुद्र म्हणतो.

टी-ओच्या तीन कप्प्यांत किंवा त्यांच्यालगत लेबलं दिसली तर एक साधी कसोटी लावता येते. लॅटिनमध्ये आशिया, युरोपा, आफ्रिका हे तिन्ही शब्द एकाच स्वराने संपतात, आणि त्यातले दोन त्याच स्वराने सुरू होतात. साधी अक्षरबदलाची गुप्तलिपी असेल तर तिन्ही लेबलांचं शेवटचं चिन्ह एकच हवं. ते तसं नसेल तर एक तर लिपी इतकी साधी नाही, किंवा ते खंड नाहीत. उलट जुळलं तर मात्र उड्या मारू नका, कारण या पोथीतले शब्द थोड्याच चिन्हांवर संपतात. तिन्ही शेवट योगायोगानेही सारखे येऊ शकतात. कसोटी नापास करायला बळकट आहे, पास करायला दुबळी. टी-ओचे कप्पे कधी खंडांऐवजी जमीन, पाणी, हवा अशी तत्त्वंही दाखवतात, तीही शक्यता उघडी ठेवावी.

शेवटी ते मोठं घडीपान. उघडलं की तीन पानं रुंद आणि दोन पानं उंच, म्हणजे पानाच्या मापावरून अंदाजे ४९ × ४७ सेंटिमीटर, जवळजवळ चौरस. त्यात तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ वर्तुळं. उभ्या घड्या वर्तुळांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जातात, पण आडवी घडी मधल्या ओळीवरून जाते. त्यामुळे मधल्या तीन वर्तुळांतला घडीलगतचा तपशील झिजलेला धरूनच वाचा, तिथल्या एखाद्या तुटक रेषेवर रस्ता किंवा नदी उभी करू नका. मजकूर वेगवेगळ्या दिशांनी लिहिलाय, म्हणून पान फिरवत वाचावं लागतं. छापून घेतलंत तर काम फार सोपं होतं.

हा नकाशा असल्याच्या बाजूने पुरावे: उजवीकडच्या वरच्या वर्तुळात किल्ला आणि त्याच्या तटाला पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले कंगोरे, वर्तुळांना जोडणारे मार्गासारखे पट्टे, वरच्या उजव्या कोपऱ्यात टी-ओ, वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात सूर्य. कंगोरे उत्तर इटलीकडे बोट दाखवतात. वेरोनाच्या कास्तेलवेक्यो किल्ल्यावर ते आहेत, हा किल्ला १३५० च्या दशकातला. पण बेलिनझोना आज स्वित्झर्लंडमध्ये आहे, तिथेही ते दिसतात. मॉस्कोच्या क्रेमलिनवरही आहेत, ते १५ व्या शतकाच्या शेवटी इटालियन स्थपतींनी बांधले. शिवाय ‘किल्ला’ म्हणून चित्रकार ओळखीचा नमुना काढतो, समोरची इमारत नव्हे. कंगोऱ्यांवरून चितारणाऱ्याने काय पाहिलं होतं याचा अंदाज येतो, त्या वर्तुळात कुठलं शहर आहे याचा नाही.

कोपऱ्यांकडे मात्र नीट बघा, ती माझ्या मते या पानातली सगळ्यात कमी वापरली गेलेली माहिती आहे. दोन सूर्य समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतील आणि ते उगवता-मावळता असतील, तर पूर्व-पश्चिम अक्ष कर्णावर येतो. म्हणजे हे पान ‘उत्तर वर’ किंवा ‘पूर्व वर’ धरून आधुनिक नकाशावर ठेवणं पहिल्याच पायरीला चुकतं, ते ४५ अंश फिरवावं लागेल. मग टी-ओच्या स्वतःच्या रेषा पाहा. त्याचा अर्धा कप्पा, म्हणजे आशिया, म्हणजे पूर्व, कुठल्या सूर्याकडे तोंड करतो? दोन्ही खुणा एकच पूर्व दाखवत असतील तर दिशांचा मुद्दा वजनदार होतो. नसतील तर टी-ओ निव्वळ ‘पृथ्वी’ या अर्थाचं चिन्ह आणि सूर्य निव्वळ सूर्य.

विरोधातले पुरावे मला जड वाटतात. ओळखू येईल अशी किनारपट्टी नाही. समुद्री नकाशांवरचं दिशारेषांचं जाळं नाही. इंग्लंडमधल्या हियरफर्डच्या १३०० च्या सुमाराच्या जगाच्या नकाशात जेरूसलेम मध्यभागी आहे. इथल्या मधल्या वर्तुळात बरण्यांसारखे दिसणारे सहा मनोरे ताऱ्यांचं छत घेऊन उभे आहेत, आणि कुठल्याही शहराचं ते साधं चित्र नव्हे. त्यात याच चर्मपत्राच्या मागच्या बाजूला, ८५आर२ वर, मध्यभागी सूर्य आणि चार बाजूंना चार माणसं, म्हणजे ऋतू, वयं किंवा तत्त्वांचं ठरीव चाक. पाठीमागे विश्वाची आकृती असेल तर पुढे प्रवासाचा नकाशा असण्यापेक्षा विश्वाचीच मोठी आकृती असणं जास्त स्वाभाविक.

मध्य आणि भोवती आठ, म्हणून आठ वारे, हा मोहही आवरावा. त्रामोंताना, ग्रेको, लेव्हांते, शिरोको, ओस्त्रो, लिबेच्चो, पोनेंते, माएस्त्रो ही इटालियन खलाशांची आठ नावं मस्त बसतात. पण तीन-तीनची चौकट काढली की मध्याभोवती आठ घरं येणारच, त्यामुळे इथला ८ हा स्वतंत्र पुरावा होत नाही.

शहरांच्या जुळवणीचंही तेच. ठरलेली नऊ ठिकाणं नऊ वर्तुळांत ३,६२,८८० प्रकारे बसतात. पान फिरवायची मुभा घेतली आणि ठिकाणांची यादी तीस-चाळीसची केली की एखादी जुळणी सुंदर दिसणं अटळ आहे. ‘इथे पूल, इथे ज्वालामुखी, इथे बंदर’ असं पटत जातं ते त्यामुळे. म्हणून जुळवणी करायचीच तर पाच वर्तुळं आधी पक्की करा, दिशा आणि क्रम कागदावर लिहून ठेवा, आणि उरलेल्या चार वर्तुळांत काय दिसलं पाहिजे हे ती न पाहता लिहा. मग बघा. पट्टे, मनोरे, पाण्यासारख्या रेषा यांतलं काय लिहिल्याबरहुकूम निघालं तेवढंच मोजायचं, आणि न जुळलेल्या वर्तुळाला ‘इथे चितारणाऱ्याची चूक झाली’ म्हणायची सवलत एकदाही घ्यायची नाही.